हायड्रोजनचे पाणी, आतडी आणि धमन्या : एक निवेदन

(वरकुटे येथे झालेल्या रुग्ण, नातेवाईक व देणगीदार मेळाव्यात रुग्णालय प्रशासनातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात प्रशासनाच्या वतीने आम्ही उभे राहतो ते बहुधा आकडे सांगण्यासाठी. किती देणगी आली, ती कोणत्या कामी लागली, किती रुग्णांना सवलत देता आली, हे सांगणे आमचे कर्तव्यच आहे. यंदाचे ते सर्व आकडे लेखापरीक्षकांच्या प्रमाणपत्रासह याच अहवालात छापलेले आहेत. आज मात्र आपला वेळ आम्ही एका अशा नोंदीसाठी मागत आहोत, की जी आमच्या कोणत्याही खतावणीत सापडणार नाही. ती नोंद आमच्या चुकीची आहे.

मागील वर्षी एक स्थानिक विक्रेते आमच्या कार्यालयात आले. विजेवर चालणारे, 'हायड्रोजनयुक्त पाणी' तयार करणारे यंत्र ते विकत असत. रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात एका रविवारी प्रात्यक्षिक दाखवू द्यावे, त्या बदल्यात एक यंत्र ते वॉर्डासाठी विनामूल्य देतील, असा त्यांचा प्रस्ताव होता. आम्ही परवानगी दिली. विश्वस्त मंडळास विचारले नाही, वैद्यकीय अधिकाऱ्यांसही विचारले नाही. फुकट मिळणारी वस्तू जमेच्या बाजूस लिहायची, एवढाच विचार आमच्या वाणिज्य शाखेच्या बुद्धीने केला.

त्या रविवारी प्रतीक्षागृहात बसलेल्यांमध्ये आमचे एक जुने रुग्ण होते. वय पंचावन्नच्या आसपास, थोडा ऊस, दोन गाई. सहा वर्षांपासून रक्तदाबाच्या गोळ्या नियमित घेत होते. हे पाणी आतड्यांतील जिवाणू सुधारते, धमन्या आतून स्वच्छ करते, मग गोळ्यांची गरज हळूहळू राहत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. मुलाने पतसंस्थेचे कर्ज काढून यंत्र घेतले. गोळ्या बंद झाल्या. चौथ्या महिन्यात पहाटे त्यांना आमच्याकडे आणले तेव्हा उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी वॉर्डाबाहेर बाकावर बसल्या होत्या. हातात त्याच यंत्राच्या पाण्याची बाटली. आम्ही विचारपूस करावयास गेलो, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "साहेब, हे तुमच्याच दवाखान्यात दाखवलं होतं. म्हणून तर घेतलं."

या वाक्यास आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. परंतु त्यानंतर या विषयाची जितकी माहिती घेता येईल तितकी आम्ही घेतली, आमच्या डॉक्टर मंडळींकडून ती तपासून घेतली, आणि ती आपणांसमोर ठेवणे हा परतफेडीचा पहिला हप्ता आहे, असे आम्ही समजतो. त्या कुटुंबाने नाव न घेता हे सांगण्यास संमती दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

प्रथम एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. हायड्रोजनचे पाणी म्हणजे विष नव्हे, आणि त्यामागे काहीच शास्त्र नाही असेही नव्हे. २००७ साली जपानमधील निप्पॉन मेडिकल स्कूलचे डॉ. शिगेओ ओहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. शरीरात ऑक्सिजनपासून काही अतिविध्वंसक कण तयार होतात आणि ते पेशींची नासधूस करतात. हायड्रोजन वायू त्यांपैकी सर्वांत घातक कणांना निवडून निष्प्रभ करतो, असे त्यांना आढळले. मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ रोखलेल्या उंदरांमध्ये या वायूने इजा कमी झाली. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, धमन्यांत चरबीचे थर साचावेत अशी जन्मजात प्रवृत्ती असलेल्या उंदरांना हायड्रोजनयुक्त पाणी पाजले असता ते थर कमी प्रमाणात साचले, असा निष्कर्षही जपानमधूनच आला. 'धमन्या स्वच्छ करणारे पाणी' या प्रचाराचा उगम बहुतांशी येथे आहे. विक्रेते सांगत नाहीत ते एवढेच, की हा प्रयोग उंदरांवरील होता.

माणसांवरही प्रयोग झाले आहेत. २०१३ साली चीनमध्ये २० व्यक्तींना १० आठवडे असे पाणी दिले, तेव्हा रक्तातील एलडीएल, म्हणजे अपायकारक कोलेस्टेरॉल, काहीसे उतरले. २०१८ मध्ये चीनमधीलच सुझोऊ येथील ३८ किशोरवयीन फुटबॉलपटू मुलींच्या अभ्यासात आतड्यांतील जिवाणूंच्या विविधतेत फरक दिसला. २०२० मध्ये ६० व्यक्तींच्या २४ आठवड्यांच्या प्रयोगात कोलेस्टेरॉल व साखर यांत सुधारणा नोंदली गेली. मात्र त्यात पाण्यात विरघळणाऱ्या खास गोळ्या वापरल्या होत्या आणि हायड्रोजनची मात्रा साध्या दाबाखाली लिटरभर पाण्यात मावेल त्याच्या सुमारे सातपट होती.

२०, ३८ आणि ६०. हे आकडे हिशेबाच्या माणसास लगेच टोचतात. एवढ्या थोड्या व्यक्तींवरून पुढील संशोधनाची दिशा ठरू शकते, उपचार ठरत नाही. शिवाय यांपैकी एकाही अभ्यासात हृदयविकाराचे झटके वा पक्षाघात कमी झाले का, हे मोजलेले नाही. मोजले ते रक्तातील घटक व जिवाणू. आमच्या रुग्णास त्या पहाटे ज्या गोष्टीने गाठले, तिच्याविषयी हे प्रयोग काहीच सांगत नाहीत.

आता आतड्यांकडे वळू, कारण या विषयातील सर्वांत मनोरंजक, आणि विक्रेत्यास सर्वांत गैरसोयीची, गोष्ट तेथे आहे. हायड्रोजन आपल्या पोटात रोजच तयार होतो आणि तो तयार करणारे आपलेच जिवाणू आहेत. अन्नातील जो भाग लहान आतड्यात पचत नाही, म्हणजे चोथा, काही पिष्टे, काहींच्या बाबतीत दुधातील साखर, तो मोठ्या आतड्यात पोहोचतो. तेथील जिवाणू तो आंबवतात. इडलीचे पीठ रात्रभर आंबते तेव्हा ते वायूने फुगते, तसाच काहीसा हा प्रकार. त्यातून निघणाऱ्या वायूंत हायड्रोजन असतो. त्याचा काही भाग दुसरे जिवाणू खाऊन टाकतात, काही रक्तात शिरून फुफ्फुसांवाटे श्वासात उतरतो. पोटाच्या तक्रारींसाठी मोठ्या रुग्णालयांत जी हायड्रोजन श्वास चाचणी केली जाते, ती याच तत्त्वावर चालते.

हा वायू किती तयार होतो, हे अमेरिकेतील डॉ. मायकेल लेव्हिट यांनी १९६९ साली मोजले होते. उपाशीपोटी मिनिटाला सरासरी ०.२४ मिलिलिटर, आणि आतड्यात दुधातील साखर सोडल्यावर मिनिटाला सरासरी १.६ मिलिलिटर. दुसरीकडे, साध्या दाबाखाली एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे १.६ मिलिग्रॅम हायड्रोजन विरघळतो. वायुरूपात तो सुमारे १९ मिलिलिटर भरतो. आता साधी त्रैराशिके मांडू. यंत्राने एक लिटर पाण्यात काठोकाठ भरलेला हायड्रोजन उपाशी माणसाचे आतडे सुमारे ८० मिनिटांत तयार करते, आणि जिवाणूंना खाद्य मिळाले तर अवघ्या १२ मिनिटांत. त्यासाठी पतसंस्थेकडे जावे लागत नाही.

येथे आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आम्हांस सावध केले, तेही नमूद करतो. पाण्यातून हायड्रोजन रक्तात एकदम येतो, आतड्यातून तो संथपणे झिरपतो. दोन्हींचा परिणाम सारखाच असेल असे गृहीत धरता येत नाही आणि संशोधक त्याचा शोध घेत आहेत. तेव्हा आमच्या त्रैराशिकाने पाणी निरुपयोगी सिद्ध होत नाही. 'जे शरीरात नाही ते आम्ही देतो' हा दावा मात्र खोटा ठरतो.

जिवाणूंचा धमन्यांशी संबंध आहे, हे मात्र खरे. २०११ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉ. स्टॅन्ली हेझन यांच्या चमूने दाखवले, की अंडी, मांस इत्यादींतील एका घटकापासून आतड्यांतील जिवाणू एक द्रव्य तयार करतात आणि यकृत त्याचे रूपांतर टीएमएओ नावाच्या द्रव्यात करते. २०१३ मध्ये त्यांनी ४,००७ रुग्णांचा तीन वर्षे मागोवा घेतला. ज्यांच्या रक्तात हे द्रव्य अधिक, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व मृत्यू यांचे प्रमाण अधिक आढळले. याउलट चोथा आंबवताना जिवाणू जी आम्ले तयार करतात, ती आतड्याच्या अस्तरास पोसतात आणि शरीरातील दाह कमी राखण्यास हातभार लावतात. थोडक्यात, जिवाणूंपुढे आपण काय वाढतो, त्यावर ते आपणांस काय परत देतात हे बरेचसे अवलंबून असते.

या कामी आपल्या जिल्ह्याचाही वाटा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे व सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यांतील जिवाणूंचा अभ्यास केला. आपल्या लोकांत प्रिव्होटेला व मेगास्फेरा या गटांचे जिवाणू ठळकपणे आढळतात, असे त्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. यांतील प्रिव्होटेला हा गट धान्य व भाजीपाला भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यांत जगभर आढळतो. आपल्या पूर्वजांनी ताटात जे वाढले, त्याची ही जिवंत नोंदवही म्हणावी लागेल.

इंदापूर-बारामतीचा हा पट्टा मूळचा कमी पावसाचा, रब्बी ज्वारीचा. नीरेच्या कालव्याने आणि पुढे उजनीच्या पाण्याने येथे ऊस आला, दूध आले, डाळिंब आले, घरात चार पैसे आले. त्याबद्दल कोणास खेद वाटण्याचे कारण नाही. परंतु त्याबरोबर ताटातली भाकरी पातळ होत गेली आणि पांढरा भात, मैद्याची खारी, बिस्किटे व पाव पुढे सरकले, हे आपण सर्व जाणतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, बाजरीत साडेअकरा ग्रॅम, गव्हाच्या कोंड्यासहित पिठात सुमारे ११ ग्रॅम आणि अख्ख्या हरभऱ्यात सुमारे २५ ग्रॅम चोथा असतो. पॉलिश केलेल्या तांदळात तो ३ ग्रॅमही नसतो. २०१९ साली 'लॅन्सेट' मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी १८५ दीर्घकालीन अभ्यास व ५८ चाचण्या एकत्र तपासल्या. जे भरपूर चोथा खातात त्यांच्यात हृदयविकार, पक्षाघात इत्यादींचे प्रमाण कमी चोथा खाणाऱ्यांपेक्षा १५ ते ३० टक्क्यांनी कमी दिसले, आणि दिवसाकाठी २५ ते २९ ग्रॅम चोथा पुरेसा लाभ देतो असे त्यांनी सांगितले. दोन भाकरी, वाटीभर उसळ, एक पालेभाजी आणि एखादा पेरू एवढ्याने ही गरज बरीचशी भागते.

मात्र भाकरी हीसुद्धा गोळीचा पर्याय नव्हे, हे आम्ही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. अन्यथा यंत्रवाल्याची चूक आम्ही भाकरीच्या नावाने करू. २०१६ मध्ये 'लॅन्सेट' मध्येच रक्तदाबावरील १२३ चाचण्यांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. त्यांत ६ लाख १३ हजारांहून अधिक माणसे होती. वरचा रक्तदाब दर १० अंकांनी उतरवला असता पक्षाघाताचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी घटतो, असे दिसले. एका पारड्यात ६० माणसे आणि दुसऱ्यात ६ लाख. ती गोळी जन औषधी केंद्रात काही रुपयांत मिळते. तिची जाहिरात कोणी दारोदार करीत नाही, कारण तिच्यात कोणास कमिशन नाही.

आता प्रात्यक्षिकांविषयी दोन शब्द, कारण ती आपल्या गावांत अजूनही होतात. दोन पेल्यांत पाणी घेऊन त्यांत विजेच्या कांड्या बुडवतात. आपल्या विहिरीचे वा नळाचे पाणी पाहता पाहता तांबूस गाळाने भरते आणि 'हे तुम्ही रोज पिता' असे सांगितले जाते. तो गाळ पाण्यातला नसतो. लोखंडी कांडी विजेने झिजून तिचा गंज उतरलेला असतो. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. दुसऱ्या प्रयोगात रंगीत थेंब टाकून पाणी अल्कधर्मी असल्याचे दाखवतात. परंतु जठरात आम्लच असते, तेथे पोहोचताच त्या अल्कधर्माचा फारसा निभाव लागत नाही. आणि हायड्रोजन तर सर्वांत हलका वायू. उघड्या भांड्यातून तो लवकर उडून जातो. खुद्द जपानच्या राष्ट्रीय ग्राहक व्यवहार केंद्राने २०१६ साली बाजारातील अशी उत्पादने तपासली, तेव्हा प्लॅस्टिकच्या बाटल्यांतील काही पाण्यांत हायड्रोजन आढळलाच नाही. वॉर्डाबाहेर त्या माउलीच्या हातातील बाटलीत तो कितपत उरला असेल, हे आपणच ठरवावे.

आपल्या देशात १९५४ सालापासून औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह आणि धमन्या कठीण होणे हे विकार त्याच्या परिशिष्टात नावानिशी आहेत. ते बरे करण्याच्या जाहिरातीस कायद्याची मनाई आहे. हा कायदा आम्हांस त्या रविवारी ठाऊक नव्हता. रुग्णालयाच्या प्रशासकास तो ठाऊक असावयास हवा होता.

आणखी एक कबुली देणे भाग आहे. त्या रुग्णाने आमच्या औषध विभागातून तीन महिने गोळ्या नेल्या नव्हत्या. नोंदवहीत ते स्पष्ट दिसत होते. एखाद्या पावतीपुस्तकातील एक पावती गहाळ झाली असती, तर आम्ही त्याच संध्याकाळी शोध घेतला असता. सहा वर्षे न चुकता येणारा माणूस तीन महिने आला नाही, याचा शोध कोणी घेतला नाही. यंत्र विकणारा त्यांच्या घरी चार वेळा गेला. आम्ही एकदाही गेलो नाही.

हा सर्व प्रकार आम्ही विश्वस्त मंडळापुढे लेखी मांडला. मंडळाने आमची कानउघाडणी केली, ती योग्यच होती, आणि काही निर्णय घेतले. रुग्णालयाच्या आवारात कोणत्याही विक्रेत्यास प्रात्यक्षिक वा प्रचार करता येणार नाही, मग बदल्यात देणगी कितीही मोठी असो. वॉर्डासाठी मिळालेले यंत्र परत करण्यात आले. देणगी वस्तुरूपात येणार असेल आणि तिचा संबंध उपचाराशी असेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या लेखी अभिप्रायाशिवाय ती स्वीकारली जाणार नाही. रक्तदाब व मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र वही ठेवण्यात आली आहे. गोळ्या नेण्याची तारीख उलटून सात दिवस झाले की दूरध्वनी होतो, आणि तरीही कोणी न आल्यास आमची आरोग्यसेविका घरी जाते.

देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे. रुग्णांच्या पाण्यासाठी काही द्यावे असे आपल्या मनात असेल, तर वॉर्डातील पिण्याच्या स्वच्छ पाण्याची टाकी व गाळणी यांची देखभाल हे खरे गरजेचे काम आहे. त्याहून अधिक द्यावेसे वाटले, तर या गृहभेटींसाठी द्यावे. त्यावर कोणाच्या नावाची पाटी लावता येत नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.

नातेवाइकांना सांगणे एवढेच. घरात कोणी नवे पाणी, नवा काढा, नवे यंत्र आणले, तर ते आमच्यापासून लपवू नका. आम्ही हसणार नाही, रागावणार नाही. परंतु चालू गोळी बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा विचारा. मीठ हात आखडून वापरा, तंबाखू सोडा, ताटात भाकरी व उसळ असू द्या आणि महिन्यातून एकदा रक्तदाब मोजून घ्या. यांपैकी कशालाही कर्ज लागत नाही.

आमचे ते रुग्ण आता काठीच्या आधाराने अंगणापर्यंत चालतात. वाचा अजून पुरती आलेली नाही. गृहभेटीस आम्ही स्वतः गेलो होतो. यंत्र स्वयंपाकघरात फडताळावर झाकून ठेवले आहे आणि कर्जाचे हप्ते चालू आहेत. त्यांच्या पत्नींनी आम्हांस चहा दिला आणि गोळ्यांची वही पुढे केली. प्रत्येक तारखेपुढे त्यांनी पेन्सिलीने खूण केली होती, एकही दिवस सुटलेला नव्हता. त्या वहीवर सही करताना आमचा हात क्षणभर थांबला, हे आपणांस सांगितले पाहिजे.

लोक आमच्या इमारतीवर विश्वास ठेवतात, म्हणून आमच्या प्रतीक्षागृहात दाखवलेल्या वस्तूवरही ठेवतात. हा विश्वास आपण देणगीदारांनी पै-पैने उभा केला आहे. तो यापुढे कोणास उसना दिला जाणार नाही, एवढे आश्वासन आम्ही देतो.

आपले नम्र,
प्रशासन विभाग